कथालेखक एडगर अ‍ॅलन पो

उत्कंठावर्धक गोष्ट वाचतांना बहुतेक विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे पुढें काय झालें? हा प्रश्न चांगलाच आहे. ज्या गोष्टीनें तो मनांत उत्पन्न होत नाहीं ती गोष्ट फसली असेंच म्हटलें पाहिजे. परंतु शेवटचें पान उलटल्यावर हा प्रश्न संपतो, आणि त्यानंतर तीच गोष्ट पुन्हां हातीं घेणारे विद्यार्थी वर्गांत दोन-चारच निघतात. ही गोष्ट आपणांस कोण सांगत आहे, तो सांगणारा विश्वासास पात्र आहे काय, वाचतांना छातींत जी धडधड झाली ती लेखकानें कोणत्या साधनांनीं उत्पन्न केली, आणि एवढा खटाटोप त्यानें कशासाठीं केला, हे दुसऱ्या वाचनाचे प्रश्न होत. ज्याच्या कथा हे प्रश्न वाचकाला टाळूंच देत नाहींत, अशा एका अमेरिकन ग्रंथकाराचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे. त्याच्याविषयीं मीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत चुकीची माहिती सांगत आलों, तिची दुरुस्ती करावी हाहि त्यांत एक हेतु आहे.

एडगर पो याचा जन्म सन १८०९ च्या जानेवारीच्या १९ व्या तारखेस बोस्टन शहरीं झाला. त्याचीं आईबापें दोघेंहि नाटकमंडळींत कामें करीत. आई एलिझाबेथ ही नांवाजलेली नटी होती. बाप डेव्हिड याला मात्र त्या धंद्यांत फारसें यश आलें नाहीं, आणि एडगर अगदीं तान्हा असतांनाच तो कुटुंब सोडून निघून गेला. आईला क्षयानें गांठलें. सन १८११ च्या डिसेंबरांत रिचमंड येथें ती वारली, तेव्हां एडगर पुरा तीन वर्षांचाहि नव्हता. थोरला भाऊ हेन्री बाल्टिमोरास आजोबांकडे राहिला, धाकटी बहीण रोझली एका कुटुंबानें नेली, आणि एडगर हा जॉन अ‍ॅलन नांवाच्या व्यापाऱ्याच्या घरीं आला. अशा रीतीनें तीन भावंडें तीन घरीं वाटलीं गेलीं.

अ‍ॅलन हा मूळचा स्कॉटलंडचा. रिचमंड येथें तंबाखूचा व इतर मालाचा त्याचा मोठा व्यापार होता. त्याची पत्नी फ्रान्सिस हिला मूलबाळ नव्हतें. तिनें एडगरला पोटच्या मुलाप्रमाणें लळा लावला. अ‍ॅलननेंहि आरंभीं त्याच्या शिक्षणांत कसूर केली नाहीं, आपलें आडनांवहि त्याच्या नांवांत मिसळूं दिलें. पण कायदेशीर दत्तक मात्र त्यानें कधींच घेतलें नाहीं. दत्तक आणि आश्रित यांत केवढें अंतर असतें हें आपल्या लोकांस सांगावयास नको. एकाच ताटांत जेवत असतांहि, हें ताट आपलें आहे कीं नाहीं याची शंका ज्या मुलाच्या मनांतून जात नाहीं, त्याचा स्वभाव मानी आणि हळवा व्हावा यांत नवल नाहीं.

सन १८१५ मध्यें अ‍ॅलन कुटुंब व्यापारानिमित्त इंग्लंडास गेलें व तेथें पांच वर्षें राहिलें. लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टन गांवीं ब्रॅन्सबी नांवाच्या पाद्रीसाहेबांच्या शाळेंत एडगर शिकत होता. पुढें सन १८३९ मध्यें लिहिलेल्या 'विल्यम विल्सन' या कथेंत त्यानें आपलें तेथील शाळेचें जीवन आणि गुरुजींचें नांव हीं दोन्हीं घेतलीं. पण शाळेची ती इमारत कथेंत इतकी अवाढव्य आणि वांकड्यातिकड्या वाटांची झाली आहे, कीं ती खरी न राहतां स्वप्नांतली वाटते. याचें कारण असें, कीं त्या कथेचा नायक आपल्याच सदसद्विवेकबुद्धीपासून पळणारा मनुष्य आहे. त्याच्या मनांतील चक्रव्यूहच लेखकानें भिंतींच्या रूपानें उभा केला. वातावरण हें गोष्टीच्या मागें टांगलेला पडदा नसून पात्राच्या मनाचाच एक भाग असतो, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें ही कथा वाचावी.

सन १८२६ च्या आरंभीं एडगर व्हर्जिनिया विद्यापीठांत दाखल झाला. लॅटिन व फ्रेंच या भाषांत त्यानें चांगली प्रगति दाखविली. परंतु घरून येणारा पैसा खर्चास पुरेना. तो भरून काढण्याच्या नादानें म्हणा किंवा सोबत्यांच्या संगतीनें म्हणा, तो पत्त्यांचा जुगार खेळूं लागला, आणि वर्षाच्या आंत सुमारें २००० डॉलर कर्ज करून बसला. अ‍ॅलननें तें फेडण्याचें नाकारलें व शिक्षण तेथेंच तुटलें. या भांडणांत कोणाची बाजू घ्यावी? मला वाटतें, मुलाचा दोष उघड आहे आणि बापाचा झाकलेला आहे. संपन्न मनुष्यानें मुलाला श्रीमंतांच्या विद्यापीठांत पाठवून अपुऱ्या पैशांवर ठेवणें हीहि एक प्रकारची निष्काळजीच होय.

यानंतरचीं चार वर्षें भटकंतीचीं होतीं. सन १८२७ मध्यें बोस्टनला जाऊन त्यानें खोट्या नांवानें व वय वाढवून सांगून सैन्यांत शिपायाची नोकरी धरली; त्याच सालीं त्याचें कवितांचें पहिलें चिमुकलें पुस्तक निघालें. त्यावर त्याचें नांव नव्हतें आणि त्याची दखलहि कोणी घेतली नाहीं. पलटणीबरोबर तो दक्षिणेकडील सलिव्हन बेटावरच्या किल्ल्यांत राहिला, आणि शिपायाचा सार्जंट-मेजर झाला. शिस्तीचें काम त्याला साधत नव्हतें असें म्हणणाऱ्यांनीं ही बढती ध्यानांत घ्यावी. सन १८२९ मध्यें फ्रान्सिस वारली. दुसऱ्या वर्षीं तो वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत गेला, पण अ‍ॅलननें दुसरें लग्न केल्यावर त्या घराशीं असलेला त्याचा उरलासुरला धागा तुटला. तेव्हां त्यानें मुद्दाम कवायतीस व प्रार्थनेस गैरहजर राहून, चौकशी ओढवून घेऊन, सन १८३१ मध्यें विद्यालयांतून आपणांस काढून टाकविलें. सन १८३४ मध्यें अ‍ॅलन वारला. त्याच्या मृत्युपत्रांत एडगरसाठीं एक कपर्दिकहि नव्हती.

बाल्टिमोर येथें त्याची आत्या मारिया क्लेम ही विधवा आपल्या लहान मुलीसह शिवणकाम करून व भाडेकरू ठेवून कसेंबसें घर चालवीत होती. त्या घरांत तो शिरला आणि पुढें जन्मभर तेंच त्याचें घर झालें. येथेंच तो कवितेकडून गोष्टीकडे वळला, कारण गोष्टींना पैसे मिळत. सन १८३३ मध्यें एका साप्ताहिकाच्या स्पर्धेंत बाटलींत सांपडलेल्या हस्तलिखिताच्या कथेबद्दल त्याला ५० डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळालें. त्या जोरावर रिचमंडच्या एका मासिकांत त्याला जागा मिळाली. सन १८३६ मध्यें त्यानें आत्याची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशीं विवाह केला; ती त्या वेळीं तेरा वर्षांची होती. त्या काळींहि अमेरिकेंत ही गोष्ट सर्वसाधारण नव्हती, आणि आज तर ती समर्थनीय मुळींच वाटणार नाहीं.

पुढें फिलाडेल्फिया येथें त्यानें दोन मासिकांचें संपादन केलें. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर तो इतकी परखड टीका करी, कीं त्यानें शत्रूंची एक फौजच उभी केली. पगार बेताचा, मालक बदलणारे, आणि मधूनमधून मद्याचें व्यसन उसळे. थोड्याशा मद्यानेंहि त्याचें भान सुटे असें त्याच्या परिचितांनीं लिहून ठेविलें आहे. महिनेच्या महिने तो त्याला शिवतहि नसे, आणि मग एखाद्या आघातानंतर पुन्हां घसरे. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु एवढ्या अस्थिर संसारांत त्याचें लिखाण मात्र अत्यंत स्थिर हातानें झालें आहे, ही गोष्ट त्याच्या निंदकांच्या लक्षांत आली नाहीं.

सन १८४२ मध्यें हॉथॉर्न या कथाकाराच्या संग्रहाचें परीक्षण लिहितांना त्यानें लघुकथेचा एक नियम मांडला, तो आजहि वर्गावर्गांतून शिकविला जातो. गोष्ट एका बैठकींत वाचून होईल एवढी असावी. लेखकानें आधीं वाचकाच्या मनावर कोणता एक परिणाम करावयाचा तें ठरवावें. आणि मग पहिल्या वाक्यापासून एकहि शब्द त्या परिणामास सोडून लिहूं नये, असा त्याचा आशय आहे. मासिकाचा संपादक असल्यामुळें वाचकाचें लक्ष किती लौकर उडतें हें त्याला रोजच्या व्यवहारांत दिसत होतें; हा नियम त्याला छापखान्यानें शिकविला, असें म्हटलें तरी चालेल.

या नियमाचा सर्वांत निर्दोष नमुना म्हणजे 'द टेल-टेल हार्ट', अर्थात् गुपित फोडणारें हृदय, ही कथा. एका मासिकाच्या संपादकानें ती नाकारल्यावर, लोवेल या कवीनें बोस्टन येथें सुरू केलेल्या 'पायोनियर' मासिकाच्या पहिल्याच अंकांत, सन १८४३ च्या जानेवारींत, ती छापली गेली. तें मासिक तीन अंक निघून बंद पडलें. कथा मात्र टिकली.

कथेंत एक मनुष्य आपण एका म्हाताऱ्याचा खून कसा केला तें सांगत आहे. त्याचें नांव नाहीं, गांव नाहीं. म्हाताऱ्याशीं त्याचें नातें काय तेंहि सांगितलेलें नाहीं. म्हाताऱ्यावर आपलें प्रेम होतें, त्याच्या पैशाची आपणांस हांव नव्हती, फक्त त्याचा एक निळसर, पडदा आलेला डोळा आपणांस सहन होईना, असें तो म्हणतो. सात रात्रीं तो मध्यरात्रीं खोलीचें दार उघडून कंदिलाचा बारीक किरण त्या डोळ्यावर सोडतो. पण डोळा मिटलेला असल्यामुळें त्याच्या हातून कांहीं होत नाहीं. आठव्या रात्रीं म्हातारा जागा होतो आणि अनर्थ घडतो. प्रेत तो जमिनीच्या फळ्यांखालीं दडवितो. पहांटे चारच्या सुमारास तीन पोलीस अधिकारी येतात. शेजाऱ्यांनीं किंकाळी ऐकलेली असते. तो त्यांना घरभर हिंडवितो, त्याच खोलींत बसवितो, आणि ऐटींत आपली खुर्ची नेमकी त्याच फळ्यांवर मांडतो. मग त्याला धडधड ऐकूं येऊं लागते. ती वाढत जाते, आणि अखेर तो ओरडून स्वतःच सर्व कबूल करतो.

या पात्राचा स्वभाव लिहा असें सांगितलें कीं पुष्कळ विद्यार्थी लिहितात, हा मनुष्य धूर्त, सावध आणि धैर्यवान् आहे. त्यांची चूक एवढीच, कीं हें सर्व त्यांना त्यानेंच सांगितलें आहे. आपण वेडे नाहीं हें तो आरंभापासून बजावतो, आणि पुरावा म्हणून आपण किती काळजीपूर्वक खून केला तें दाखवितो. केवळ डोकें दारांतून आंत घालण्यास जो एक तास लावतो, त्याची सावधगिरी हेंच त्याच्या भ्रमाचें लक्षण नव्हे काय? तो काय म्हणतो तें एका रकान्यांत आणि काय करतो तें दुसऱ्या रकान्यांत लिहावें, आणि जेथें दोहोंचा मेळ बसत नाहीं तेथें बोट ठेवावें. त्याचा स्वभाव तेथें सांपडतो. आणखी एक जागा घाईनें वाचणाऱ्याच्या हातून हमखास निसटते. म्हातारा अंधारांत भीतीनें कण्हतो, तेव्हां खुनी म्हणतो कीं हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, कित्येक रात्रीं तो आपल्याच छातींतून निघाला आहे. म्हणजे ज्याला तो मारावयास आला आहे त्याचें भय तो स्वतःच भोगीत आला आहे. ही एक ओळ नसती तर तो निव्वळ राक्षस झाला असता. तिच्यामुळें तो मनुष्य राहतो, आणि म्हणूनच त्याची अधिक भीति वाटते.

वातावरणाचें म्हणाल तर या कथेंत वादळ नाहीं, भूत नाहीं, पडका वाडाहि नाहीं. आहे ती एक खोली, काळोख, आणि आवाज. वाक्यें आंखूड आहेत. तेच शब्द पुन्हां पुन्हां येतात. वेळ प्रथम असह्य रीतीनें हळू चालतो आणि शेवटीं धांवत सुटतो. मोठ्यानें वाचून पाहावें म्हणजे आपलाच श्वास जलद होऊं लागल्याचें ध्यानांत येईल. म्हाताऱ्याच्या हृदयाचा आवाज कापसांत गुंडाळलेल्या घड्याळासारखा होता असें तो सांगतो. शेवटीं ऐकूं येणाऱ्या आवाजासहि तो तीच उपमा देतो. तो आवाज कोणाचा? मेलेल्याचें हृदय वाजत नाहीं. तो त्याचाच स्वतःचा असेल, किंवा भिंतींतील किड्याची टिकटिकहि असेल, कारण तिचा उल्लेख त्यानें पूर्वीं केलेलाच आहे. लेखक उत्तर देत नाहीं. पोलिसांना मात्र कांहींच ऐकूं येत नसतें. ते मजेंत गप्पा मारीत बसलेले असतात. बाहेरील कोणीहि त्याला पकडलें नाहीं, आणि तो पकडला गेला. कथेचा आशय एवढ्यांतच आहे, आणि तो एकाहि वाक्यांत सांगितलेला नाहीं.

ज्या वर्षीं वरील नियम लिहिला गेला त्याच वर्षाच्या जानेवारींत व्हर्जिनिया गात असतां तिच्या तोंडांतून रक्त आलें. आईला नेणारा रोग आतां पत्नीला लागला. पांच वर्षें ती बरी होई व पुन्हां अंथरूण धरी, आणि पो आशा व निराशा यांमध्यें हेलकावे खात राहिला. या काळांतच त्याची कीर्ति वाढली. सन १८४१ मध्यें पॅरिसच्या रू मॉर्ग रस्त्यावरील खुनांची कथा लिहून त्यानें द्युपँ हा तर्कानें गुन्हा उकलणारा मनुष्य निर्माण केला. आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता शेरलॉक होम्स हा त्याचाच वंशज होय, जरी पहिल्याच कादंबरींत होम्स आपल्या या पूर्वजाला नांवें ठेवतो! सन १८४३ मध्यें सलिव्हन बेटावरच्या गुप्तधनाच्या कथेस १०० डॉलरांचें बक्षीस मिळालें. शिपाईगिरींत पाहिलेलें बेट असें कामीं आलें. सन १८४५ मध्यें 'द रेव्हन' ही कविता प्रसिद्ध झाली आणि तो रातोरात देशभर माहीत झाला. पैसा मात्र मिळाला नाहीं. त्याच सालीं स्वतःच्या मालकीचें झालेलें साप्ताहिक पुढील जानेवारींत बंद पडलें. न्यूयॉर्कजवळ फोर्डहॅम येथील एका लहानशा लांकडी घरांत, सन १८४७ च्या जानेवारीच्या ३० व्या तारखेस, व्हर्जिनिया चोविसाव्या वर्षीं वारली.

त्यानंतर तो अडीच वर्षें जगला. सन १८४९ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस बाल्टिमोर येथें एका गुत्त्याजवळ तो शुद्ध हरपलेल्या स्थितींत सांपडला. अंगावरचे कपडेहि त्याचे स्वतःचे नसावेत असे होते. चार दिवसांनीं, ७ तारखेस, रुग्णालयांत त्याचा अंत झाला. वय चाळीस. मृत्यूचें कारण आजपर्यंत निश्चित ठरलेलें नाहीं. जगाला रहस्यकथा देणाऱ्याची अखेरची गोष्ट अशी अनुत्तरितच राहिली.

आतां माझ्या चुकीची हकीकत. त्याच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत टोपण नांवानें मृत्युलेख आला. त्यांत पो हा मित्रहीन, मत्सरी, अर्धवट वेडा मनुष्य असें चित्र रंगविलें होतें. लेखक होता रूफस ग्रिझवोल्ड, पोच्या टीकेनें दुखावलेला एक संपादक. पुढें पोच्या ग्रंथांचें संपादन याच गृहस्थाकडे आलें, आणि त्यानें जोडलेल्या चरित्रांत आपल्या म्हणण्यास आधार म्हणून पोच्या पत्रांत स्वतः वाक्यें घुसडून दिलीं. ही बनावट आर्थर हॉब्सन क्विन या प्राध्यापकानें मूळ पत्रें समोर ठेवून सन १८४१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९४१ मध्यें, आपल्या ग्रंथांत उघड केली. पण मीं ज्या जुन्या पुस्तकावरून शिकवीत होतों तें ग्रिझवोल्डच्या परंपरेंतलें. एकदां वर्गांत एका मुलीनें विचारलें, कीं खुन्याच्या मनांतलें इतकें बारीकसारीक ज्याला ठाऊक, तो लेखक स्वतः कसा होता? मीं बेधडक उत्तर दिलें, कीं तो दारूनें बुद्धिभ्रंश झालेला मनुष्य होता, म्हणून त्याला वेड्याचें मन कळलें. वर्गाचें समाधान झालें, माझेंहि झालें. क्विनचा ग्रंथ हातीं आला तेव्हां ती मुलगी शाळा सोडून गेली होती. सांगणाऱ्याचें म्हणणें पडताळून पाहा असें कथेपुरतें शिकविणारा मी, चरित्रकाराचें म्हणणें मात्र न पडताळतां पुढें देत होतों. वेड्याला आपलें वेड असें पायरीपायरीनें रचतां येत नाहीं. तें रचण्यास निरोगी बुद्धि आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाण लागते, हें त्या मुलीला मीं सांगावयास पाहिजे होतें. हा अंक जुन्या विद्यार्थ्यांकडेहि जातो. तिच्या दृष्टीस पडल्यास बरें होईल.

पोच्या अंत्यविधीस मोजकींच माणसें होतीं आणि थडग्यावर बरेच दिवस नांवाचा दगडहि नव्हता. सन १८६५ मध्यें बाल्टिमोरच्या शाळांतील शिक्षकांनीं स्मारकाचा विषय हातीं घेतला. मुलांनीं पैसा पैसा जमविला, शाळांतून करमणुकीचे कार्यक्रम झाले, आणि दहा वर्षांनीं, सन १८७५ च्या नोव्हेंबरांत, संगमरवरी स्मारक उभें राहिलें. त्या समारंभास वॉल्ट व्हिटमन हा वृद्ध कवि आजारी असूनहि आला होता. पुढें व्हर्जिनियाच्या अस्थिहि तेथें आणण्यांत आल्या. त्या दगडावर पोच्या जन्माची तारीख मात्र १९ ऐवजीं २० जानेवारी अशी कोरली गेली, आणि ती तशीच आहे.